प्रेक्षकाला कोठे बसवाल?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस विषयाचे बंधन घातले नाही. इतिहासाच्या शिक्षकाने संस्थेचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु तो इतिहास या अंकात इतरत्र येतच आहे. आम्हांस गेले वर्षभर एक वेगळाच प्रश्न छळतो आहे, आणि तो माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासमोर मांडण्यास यापेक्षा योग्य स्थळ नाही. प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे : आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलांनी काय सादर करावे?

सांस्कृतिक समितीच्या बैठकीत दरवर्षी दोन पक्ष पडतात. तरुण शिक्षकांचे म्हणणे, मुलांना चित्रपटगीतांवरील नृत्ये आवडतात, पालकही आनंदाने पाहतात, मग विरोध कशासाठी? आम्हां जुन्या मंडळींचे म्हणणे, आपला वारसा जलशाचा आहे. तो आपण नाही जपला तर कोण जपणार? वाद रंगतो आणि शेवटी कार्यक्रमपत्रिकेत थोडे हे, थोडे ते घालून मिटतो. पुष्कळ वर्षे आम्हीही याच वादात एका बाजूने बोलत आलो. गतवर्षीच्या एका प्रसंगाने आमच्या लक्षात आले की, वादाचा मुद्दाच चुकला होता. कोणता कलाप्रकार उच्च आणि कोणता हीन, हे ठरवण्याआधी पाहावयास हवे की, तो प्रकार समोरच्या माणसाला कोठे बसवतो. मालक म्हणून, भक्त म्हणून, गिऱ्हाईक म्हणून, की बरोबरीचा माणूस म्हणून?

हा प्रश्न आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. गावगाड्यात करमणूक करणारे कोण होते आणि करमणूक करून घेणारे कोण, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि गळा बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी यांचा. समोर बसून फर्माईश करणारा मात्र दुसरा. दौलतजादा म्हणजे या नात्याचा उघड व्यवहार होता. नोट पुढे करणाऱ्याच्या नावाने लावणी म्हटली जाई आणि तेवढ्या वेळापुरता तो त्या गळ्याचा, त्या पावलांचा धनी होई. तमाशात कला नव्हती, असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. अस्सल प्रतिभा तेथे होती. पण जो हात सायंकाळी टाळी देई, तोच हात सकाळी पाणवठ्यावर अडवी. टाळीने अंतर मिटत नव्हते.

पठ्ठे बापूराव यांच्याविषयी एक हकिकत आपल्या समाजात सांगितली जाते आणि अभ्यासकांनीही तिची नोंद घेतली आहे. जन्माने ब्राह्मण असलेला हा मोठा शाहीर पवळा या महार समाजातील कलावतीसह फड गाजवत होता. त्याने तमाशाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीसाठी देऊ केले असता बाबासाहेबांनी ते नाकारले. चळवळीला पैशाची चणचण असताना हा नकार आला, हे ध्यानी घ्यावे. आपल्याच भगिनीला नाचवून मिळालेल्या पैशावर तिच्या मुक्तीची चळवळ उभी राहू शकत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. बाबासाहेबांचा आक्षेप गाण्याला नव्हता, ढोलकीला नव्हता. नाचणारी आणि पाहणारे यांच्यातील नात्याला होता. तसे नसते, तर त्यांनी जलशांना एवढे जवळ केले नसते.

तमाशातला प्रेक्षक धनी होता, तर कीर्तनातला श्रोता भक्त होता. कीर्तनकार उभा, श्रोते बसलेले. बोलणारा एक, माना डोलावणारे अनेक. तेथेही आपली जागा ठरलेली होती, आणि ती देवळाच्या पायरीखाली होती. पुढे १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, आणि मराठी नाटक हळूहळू तिकीट काढून पाहण्याची गोष्ट झाले. या थोर परंपरेविषयी आम्हांस आदर आहे. तरी तिच्या त्या आरंभकाळात आपला माणूस रंगमंचावरही नव्हता आणि प्रेक्षागृहातही क्वचितच होता.

या दोन तारखांच्या मधे, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही आणि त्यांच्या हयातीत ते छापलेही गेले नाही. एका गरोदर कुणबी बाईला व तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहदशेचे भय घालून कसा लुबाडतो, एवढीच कथा. परंतु या नाटकात एक विदूषक आहे. तो राजाचा खुशमस्कऱ्या नाही. प्रसंग चालू असताना मधेच तो जे घडते आहे त्याचे मर्म उघड करतो, जणू प्रेक्षकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो की, बाबा रे, नीट पाहा. आणि शेवटी ते कुणबी जोडपे फुले दांपत्याच्या रात्रशाळेत जाण्याचा निश्चय करते. एका शाळेच्या स्मरणिकेत याहून समर्पक स्मरण कोणते असेल? आधुनिक काळात आपल्या बाजूने लिहिल्या गेलेल्या या नाटकाचा पडदा शाळेच्या दारात पडतो. प्रेक्षकाने टाळ्या वाजवून घरी जावे, ही जोतीरावांची अपेक्षा नव्हती. त्याने पाटी-पेन्सिल हाती घ्यावी, ही होती.

सत्यशोधक जलशाने हाच धागा गावोगाव नेला आणि आंबेडकरी जलशाने त्याला धार दिली. जलसाकारांनी तमाशाचा साचा फेकला नाही. गण ठेवला, पण गणपतीची जागा मुक्तिदात्यांच्या वंदनाने घेतली. गौळणीतल्या चेष्टेला फाटा दिला. नाची काढून टाकली. बतावणीतले सवाल-जवाब मात्र जपले, कारण शिकलेला पोरगा आणि जुन्या वळणाचा बाप यांचे भांडण त्यातच उत्तम रंगे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, वतनाच्या तुकड्यासाठी येसकरकी करू नका, मुलांना शाळेत घाला, असे विषय असत. भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळात नाशिक परिसरात आणि पुढे दूरवर हे काम केले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार जुने जलसाकार अभिमानाने सांगत. पुढे देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) तीच ज्योत गाण्यातून आयुष्यभर वाहिली.

जलशाची खरी किमया आम्हांस विषयांत नव्हे, बैठकीत दिसते. गॅसबत्तीच्या उजेडात वस्तीतल्याच मोकळ्या जागेवर गाणारा आणि ऐकणारा एकाच जमिनीवर असत. गाणारा सकाळी गिरणीत वा शेतात कामाला जाणारा माणूस होता. त्याला फर्माईश करणारा धनी समोर नव्हता. बतावणीत ज्याची खोड काढली जाई तो श्रोत्यांपैकीच एक असे, आणि त्यालाही हसू येई. कारण हसणारा आणि ज्याला हसले जाते तो, दोघांचे दुःख एकच होते. शतकानुशतके इतरांची करमणूक केलेल्या माणसांनी प्रथमच स्वतःसाठी ढोलकी वाजवली. हीच भावना घेऊन औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि बाबासाहेबांनी ते प्रेक्षकांत बसून पाहिले. शाळा-महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन ही क्षुल्लक बाब नव्हे, हे सांगण्यासाठी आम्हांस एवढा एक दाखला पुरेसा वाटतो.

बौद्ध परंपरेने या प्रश्नाचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी केला आहे. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या प्रमुखाची कथा आहे. रंगमंचावर खऱ्या-खोट्याने लोकांना हसवणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांमध्ये जन्म घेतो, असे त्याच्या गुरुपरंपरेने त्याला सांगितले होते. हे खरे काय, असे त्याने राजगृह येथे तथागतांना विचारले. दोनदा त्यांनी ‘हे विचारू नकोस’ म्हटले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र सांगितले की, लोक आधीच राग, द्वेष, मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यांच्यासमोर तेच वाढवणाऱ्या गोष्टी आणतो. स्वतः बेभान होऊन इतरांना बेभान करतो, आणि याचे फळ सुखाचे नसते. तालपुट रडला. तो म्हणाला, आपल्या शब्दांनी मी रडत नाही; इतका काळ मला फसवले गेले म्हणून रडतो. पुढे तो भिक्खू झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत समाविष्ट आहेत.

काही जण या सुत्ताचा अर्थ ‘धम्माला कला वर्ज्य’ असा करतात. आमचा समज वेगळा आहे. उपोसथाच्या दिवशी नृत्य-गीत-वादनापासून दूर राहण्याचे शील आपण घेतो, ते त्या दिवसाच्या साधनेसाठी असते. तालपुटाला दिलेल्या उत्तराचे मर्म निराळे आहे. हा नट किती निपुण आहे हे तेथे मोजलेले नाही. पाहणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे मोजलेले आहे. म्हणूनच पुढे अश्वघोषासारखा बौद्ध कवी निःसंकोचपणे नाटक लिहू शकला. त्याच्या सारिपुत्रावरील नाटकाचे अवशेष मध्य आशियातील तुर्फान येथे सापडले, आणि उपलब्ध संस्कृत नाटकांत ते अतिप्राचीन गणले जातात. ‘सौंदरनंद’ काव्याच्या अखेरीस तो सांगतो की, कडू औषध मधाबरोबर द्यावे तसे आपण काव्याचे रूप वापरले आहे. मध वर्ज्य नाही. मधाखाली औषध आहे की भांग, एवढेच पाहावयाचे.

हीच कसोटी नव्या करमणुकीला लावून पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे दाखवली गेली आणि ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पडद्यावर दीर्घकाळ देवादिकांच्या कथा होत्या, तरी सिनेमाने नकळत एक उपकार केला. काळोखात शेजारी कोण बसले आहे, ते दिसत नाही. खिडकीवर पैसे विचारतात, जात विचारत नाहीत. स्वस्त बाकड्यावर का होईना, तीन तासांपुरता आपला माणूस फक्त प्रेक्षक होता. त्याबदल्यात त्याने बोलायचे नाही, एवढी अट होती. पडदा सवालाला जवाब देत नाही.

दूरचित्रवाणीने हा अंधारही काढून घेतला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आमच्या गावी संच आला तो १९८७ मध्ये, रविवार सकाळच्या रामायणाच्या निमित्ताने, आणि तोही पाटलांच्या वाड्यात. गाव ओसरीवर बसे. आम्ही आठ-दहा मुले अंगणाच्या कडेला, खिडकीचे गज धरून उभे राहत असू. कोणी हाकलले नाही. बसा असेही म्हटले नाही. सिनेमाच्या तंबूत मिळालेली जागा वाड्याच्या अंगणात पुन्हा हरवली होती. यंत्र नवे असले तरी बैठक जुनी असू शकते, हे आम्ही त्या खिडकीशी शिकलो.

आणि आता हातातला मोबाईल. येथे बैठकच उरली नाही. प्रत्येक जण एकटा, मान खाली. अर्ध्या मिनिटाचे दृश्य, मग दुसरे, मग तिसरे. आपण कशावर किती क्षण थांबलो, हे यंत्र टिपून ठेवते आणि तेच पुन्हा वाढते. तमाशातला प्रेक्षक निदान पैसे देऊन धनी होई. येथे प्रेक्षक फुकट पाहतो, कारण त्याचा वेळच जाहिरातदाराला विकला जातो. तालपुटाच्या सुत्तातले बेभानपण अशा कुशलतेने क्वचितच कोणी विकले असेल. वसतिगृहात सुट्टीनंतर परतलेली मुले पहिले आठ दिवस पुस्तकाच्या एका पानावर स्थिर राहू शकत नाहीत, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

तरीही माध्यमालाच दोष देऊन भागत नाही. २०१४ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आम्ही सभागृहात मुलांना दाखवला. जब्याचे कुटुंब डुकरे पकडते आहे आणि सारे गाव तमाशा पाहावा तसे ते पाहून हसते आहे, या प्रसंगी आमची काही मुलेही हसली. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्या दिशेने येतो. दिवे लागल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, दगड आपल्याला का मारला?” मागून दुसऱ्याने उत्तर दिले, “आपण हसत होतो ना!” आम्ही पाठ घेऊनही जे सांगू शकलो नसतो, ते त्या पोराने चार शब्दांत सांगितले. मुका मानलेला पडदाही प्रेक्षकाला सवाल करू शकतो.

आता आमच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे. भीमजयंतीच्या मिरवणुकीतील डीजेवर आम्ही अनेकदा टीका केली आहे. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात गाण्याचे शब्दच ऐकू येत नसतील, तर प्रबोधन कोणाचे? परंतु एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस सुनावले, “सर, ज्या रस्त्यावरून आमच्या आजोबांची वरात वाजत जाऊ दिली नाही, त्या रस्त्यावर आवाज मोठा होणारच.” हे म्हणणे आम्हांस खोडता आले नाही. ज्याला मान खाली घालून चालावे लागले, त्याच्या नातवाला नाचावेसे वाटणे हेही इतिहासाचेच फळ आहे. आनंद हा गुन्हा नव्हे. आमचा आग्रह इतकाच की, त्या आवाजात एक तास असा असावा, जेव्हा शब्द ऐकू येतील आणि समोरच्याला उत्तर देता येईल.

उत्तर देता येईल, असे आम्ही लिहितो खरे. पण गतवर्षी तीच कसोटी आमच्यावर आली आणि आम्ही नापास झालो. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी आमच्या मार्गदर्शनाखाली बतावणी सादर केली. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळागळती. नववीतला मुलगा मुकादम झाला होता, आठवीतला बाप. मुकादमाकडून उचल घेऊन पोरीची शाळा सोडवणारा अडाणी बाप आम्ही रंगवला होता. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे व देणगीदार हसत होते, टाळ्या देत होते. तेवढ्यात मागून एक पालक उठले. कोयता लागून पाय जायबंदी झाल्याने ते टोळी सोडून परतले होते, म्हणून त्या दिवशी हजर होते. ते मोठ्याने म्हणाले, “गुरुजी, धाकटा तुमच्याकडं हाय. थोरली कोपीवर भाकरी करती, तान्ह्याला बघती. तिला कुठं ठिवू? अन् उचल फेडायची कुणी?”

सभागृह शांत झाले. मंचावरच्या मुकादमाने गोंधळून म्हटले, “बाबा, ते माझ्या पाठांतरात नाही.” काही जण हसले. आणि पडद्याआड उभ्या असलेल्या आम्ही पेटीवाल्याला खूण केली. गाणे सुरू झाले. ते पालक खाली बसले.

जलशाच्या परंपरेवर व्याख्याने देणाऱ्या आम्हीच, शंभर वर्षांनी एक खरा सवाल उभा राहिला तेव्हा, पेटी वाजवून तो बुडवला. त्याहून मोठी चूक आधीच झाली होती. आमच्या बतावणीने पाहुण्यांना हसणारे धनी केले आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात बसवले. ढोलकी जलशाची होती, पण बैठक तमाशाची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “तुमी वाईट नव्हतं सांगितलं, गुरुजी. निम्मंच सांगितलं.”

त्या ‘निम्म्या’ने आम्हांस आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या विद्यालयात ऊसतोड कुटुंबांतील मुले पुष्कळ आहेत आणि स्नेहसंमेलन मात्र आपण जानेवारीत घेतो, जेव्हा गळीत हंगाम भरात असतो व त्यांचे आईबाप शेकडो किलोमीटर दूर फडात असतात. म्हणजे ज्यांना पाहण्याचा पहिला हक्क, त्यांना आपण गैरहजर ठरवून तारीख काढतो. पाहुण्यांची सोय पाहतो, पालकांचा हंगाम पाहत नाही. हे कोणी हेतूने केले नाही, परंपरेने चालत आले. पण अनेक अन्याय परंपरेनेच चालत येतात, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

म्हणून आमची संस्थेस आणि आपणा सर्वांस विनंती आहे. यापुढे स्नेहसंमेलन अशोक विजयादशमीच्या आधीच्या रविवारी, टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावे. सहामाही परीक्षा आठवडाभर पुढे-मागे करावी लागेल, ती करू. काही पाहुणे येऊ शकणार नाहीत, चालेल. खुर्च्या काढून सर्वांसाठी सतरंजी अंथरावी, वृद्धांसाठी तेवढ्या कडेला ठेवाव्यात. मुलांना नाचायचे असेल तर खुशाल नाचू द्यावे. पण एक बतावणी अशी असावी, जिचा शेवट लिहिलेला नसेल. जी थांबेल आणि समोरच्यांना विचारेल, तुमचे म्हणणे काय? नववीच्या मुलांनी गतवर्षीचा खेळ पुन्हा लिहावयास घेतला आहे. त्यात आता थोरल्या बहिणीचे पात्र आहे.

त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही बतावणीत सापडणार नाही. हंगामापुरती दहा-वीस मुलींची राहण्याची व्यवस्था आपल्या आवारात होऊ शकते काय, हे कार्यकारिणीच्या ठरावावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या सहकार्यावर अवलंबून आहे. जोतीरावांच्या नाटकातील जोडपे शेवटी रात्रशाळेकडे निघाले, कारण ती शाळा खरोखर उभी होती. आपल्या मुलांचा खेळ संपेल, तेव्हा त्या थोरलीला कोठे जायचे हे सांगता यावे, एवढी तयारी आपण मोठ्यांनी ऑक्टोबरपूर्वी करावी.